माणसं नव्या एक्स-फाइल्समध्ये भेटली, भीती मात्र जुन्या अंकांत

दोन खंड लागोपाठ वाचून झाले आणि दोन्हींबद्दल एकत्रच लिहितेय, कारण एकाबद्दल बोलायला लागलं की दुसरा मध्ये येतोच. पहिला 'द एक्स-फाइल्स: सीझन १०', आयडीडब्ल्यू कंपनीचा हार्डकव्हर, लेखक जो हॅरिस, चित्रं मायकेल वॉल्श, रंग जॉर्डी बेलेअर. दुसरा 'एक्स-फाइल्स क्लासिक्स'चा पहिला खंड, म्हणजे टॉप्स कंपनीने १९९५ पासून काढलेले जुने अंक जे आयडीडब्ल्यूने नंतर परत बांधून छापले, लेखक स्टीफन पेट्रुचा आणि चित्रं चार्ली अ‍ॅडलार्ड. दोन्ही इंग्रजीत आहेत, मराठीत काही नाही, हिंदीतही माझ्या बघण्यात नाही.

सीझन १० मला इंदूरच्या खजुरी बाजारात मिळालं. राजवाड्याकडून आत गेलं की कोर्सची जुनी पुस्तकं, गाइडं, स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे यांच्यामध्ये एक दुकान आहे तिथे इंग्रजी कॉमिक्सचा एक खोका कायम पडलेला असतो, मी दर दोन-तीन महिन्यांनी तो उपसते. यावेळी सगळ्यात खाली हा जाड काळा खंड. दुकानवाले काका म्हणाले "ताई, हे कोणी घेऊन नाही राहिलं, तुम्हीच घेऊन जा", साडेसहाशेला दिला, कोरा असल्यासारखा. क्लासिक्स नवीन मागवला ऑनलाइन, तो आला तेव्हा वरचा कोपरा दबलेला, आत नुसती पातळ पिशवी, एक पुठ्ठासुद्धा घातला नव्हता. बदलून मागितला तर स्टॉक नाही म्हणाले. एवढ्या किमतीच्या हार्डकव्हरला पुठ्ठ्याचा डबा हवाच, हे मला अजून खटकतंय. मागवायचाच असेल तर आधी पॅकिंगबद्दल विचारून घ्या.

आता मालिकेबद्दल थोडं, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. क्रिस कार्टरने बनवलेली अमेरिकन मालिका, १० सप्टेंबर १९९३ ला फॉक्सवर सुरू झाली, २००२ पर्यंत नऊ सीझन चालली. एफबीआयचे दोन एजंट, फॉक्स मल्डर आणि डेना स्कली, तळघरातल्या ऑफिसात बसून अशा केसेस बघतात ज्या कोणालाच नको असतात, यूएफओ, माणसासारखे पण माणूस नसलेले प्राणी, शाप, गायब झालेली माणसं. मल्डर विश्वास ठेवणारा, स्कली डॉक्टर, पुरावा मागणारी. एवढंच सूत्र आहे पण त्या दोघांच्या मधल्या जागेत सगळी मालिका उभी आहे.

आम्ही रामबागेत राहायचो तेव्हा केबलवर बघायचो. दादा मोठा, तो इंग्रजी समजून मला मराठीत सांगायचा, आजी आतून ओरडायची "काय गं ते अंधारातलं बघून राहिलाय तुम्ही दोघं, दिसतं तरी का काही". खरंच दिसायचं नाही. अर्धा एपिसोड दोन टॉर्चच्या उजेडात. आणि त्या काळात इंदूरला लाइट जाणं म्हणजे रोजचंच, कितीदा असं झालंय की स्कलीने टॉर्च घेऊन दार ढकललं आणि आमच्या घरचे दिवे गेले, मग आम्ही दोघं अंधारात बसून ठरवायचो की दारामागे काय असेल. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी बघितलेलं नसायचं, म्हणजे विचारायलाही कोणी नाही. कितीतरी दारांमागे काय होतं ते मला आजही माहीत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे कॉमिक हातात घेतलं तेव्हा माझा एकच प्रश्न होता, तो अंधार कागदावर येतो का. टीव्हीवर त्याला मार्क स्नोचं संगीत असायचं, ती शिट्टीसारखी घुमणारी धून. पहिले पाच सीझन कॅनडात व्हँकुव्हरला शूट केलेले, तिथला पाऊस, ओली झाडं, धुकं आयतं मिळायचं. कॅमेरामन जॉन बार्टलीला १९९६ मध्ये 'ग्रोटेस्क' या एपिसोडसाठी एमी मिळालं, तो माणूस चेहऱ्याचा फक्त एक काठ उजळायचा आणि बाकी सोडून द्यायचा. कॉमिककडे यातलं काहीच नाही, आवाज नाही, हलणारी टॉर्च नाही. आहे ते फक्त पान उलटणं.

सीझन १० आधी घेते. जून २०१३ मध्ये सुरू झालं, २५ अंक निघाले २०१५ पर्यंत, आणि क्रिस कार्टरचं नाव एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणून आहे, म्हणजे घरचा शिक्का आहे. पहिली कथा 'बिलीव्हर्स' पाच अंकांची, माझा खंड तेवढाच. सुरुवात जबरदस्त आहे. रात्रीचं जंगल, स्कली पळतेय, मागे टोप्या ओढलेली माणसं. मग गोष्ट मागे जाते आणि कळतं की मल्डर-स्कली नाव बदलून शांतपणे राहतायत, ती डॉक्टरकी करतेय, आणि त्यांचा जुना साहेब स्किनर दारात उभा राहतो, एफबीआयच्या सिस्टिममध्ये कोणीतरी शिरलंय आणि एक्स-फाइल्सवर काम केलेल्या लोकांची माहिती गेलीये. पुढचं सांगत नाही, फक्त एवढं की स्कलीने दत्तक दिलेल्या मुलाचा धागा यात आहे आणि तो वाचताना पोटात तुटतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे त्यांनी तारखेपासून पळ काढला नाही. २००२ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये सांगितलं होतं की परग्रहवासी २२ डिसेंबर २०१२ ला येणार. कॉमिक आलं २०१३ मध्ये. म्हणजे तारीख येऊन गेली, जग तसंच आहे, मग मल्डर, ज्याने आयुष्य त्या तारखेवर लावलं, तो आता काय करतो? या प्रश्नावरच गोष्ट उभी आहे. मला यात मल्डर पहिल्यांदा म्हातारा होत चाललेला माणूस वाटला, टीव्हीवर कधी वाटला नव्हता.

वॉल्शची चित्रं बघून पहिल्या दोन पानांना मी नाराज झाले, खरं सांगते. मोजक्या रेषा, डोळ्यांच्या जागी कधीकधी नुसते ठिपके, चेहरे हुबेहूब नाहीत. पण दहा पानं झाली आणि मला जाणवलं की मी एकदाही गोंधळले नाही, दुरून काढलेली छोटीशी आकृती असली तरी ही स्कली आहे हे कळतं, कारण ती उभी तशी राहते. खांदे थोडे मागे, हनुवटी वर, समोरचा बोलत असताना मध्ये न बोलता ऐकणारी. मल्डर कायम कुठेतरी टेकलेला, वाकलेला, हात खिशात. फोटो बघून चेहरा उतरवणारे खूप असतात पण माणसाची बसण्या-उठण्याची ढब पकडायला ती माणसं खूप बघावी लागतात. आणि बेलेअरचे रंग, एका प्रसंगाला एक रंग धरून बसतात, हॉस्पिटलचा फिका हिरवट, रात्रीचा निळा, मग अचानक लाल. २०१४ चं रंगकामाचं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मोठं अमेरिकन बक्षीस, तिला मिळालं होतं आणि हा खंड बघून ते पटतं.

संवादही जमलेत. हॅरिस जे लिहितो ते मला डोक्यात त्या दोघांच्याच आवाजात ऐकू येतं, मल्डर झालेल्या डुकॉव्हनीचा तो झोपाळू सूर आणि स्कली झालेल्या जिलियन अँडरसनचं "मल्डर" म्हणणं, ज्यात राग, काळजी आणि थकवा तिन्ही असतं. माझी भाची, दादाची मुलगी, चौदा वर्षांची, तिने मालिका बघितलेली नाही, तिला वाचायला दिलं तर पहिला प्रश्न "आत्या, हे दोघं नवराबायको आहेत का?" आता याचं उत्तर काय देणार, पण प्रश्न पडला म्हणजे चित्रकार आणि लेखक दोघांनी काम नीट केलं.

आता जे बिघडलंय ते. भीती नाही. मी हा खंड एकटी रात्री अकराला वाचला आणि निवांत झोपले. कटकारस्थान खूप आहे, माहिती खूप आहे, कोण कोणाच्या बाजूने हे सांगण्यात पानंच्या पानं जातात, आणि एका अंकात साधारण २२ पानं असतात, त्यातली आठ जर माणसं उभं राहून बोलण्यात गेली तर दारामागे काय आहे ते दाखवायला जागा उरते कुठे. ज्याने मालिका बघितली नाही त्याला तर नावांचंच ओझं होतं, भाचीने तिसऱ्या अंकाला मला विचारून विचारून हैराण केलं.

दुसरी गोष्ट लोन गनमेनची. ते तिघं कॉम्प्युटरवाले मित्र, ज्यांना मालिकेने २००२ मध्ये मारलं, लोकांना वाचवताना मेले. आम्ही दोघं भावंडं त्या एपिसोडनंतर एकमेकांशी बोललो नव्हतो कितीतरी वेळ. कॉमिकमध्ये ते जिवंत आहेत. मला कळतं का केलं असेल, सगळ्यांनाच ते हवे होते, मलाही हवे होते. पण वाचताना आनंद झाला आणि लगेच काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं, कारण त्यांचं मरण खरं होतं म्हणून तर ते इतके लक्षात राहिले. टीव्हीवर मालिका नंतर परत आली, तिच्यात २०१८ मध्ये त्यांनी या तिघांतल्या लँग्लीला आणलं पण मेलेलाच ठेवून, कॉम्प्युटरच्या आत अडकलेलं त्याचं मन म्हणून, आणि ते मला जास्त दुखलं आणि जास्त पटलं. सिगारेट ओढणाऱ्या म्हाताऱ्याचं, म्हणजे मालिकेतल्या मुख्य खलनायकाचं, मात्र वेगळं आहे, त्याला कॉमिकनेही परत आणलं आणि टीव्हीनेही, आणि दोन्हीकडे मी काही तक्रार केली नाही, तो माणूस मरत नसेल यावर माझा कायमच विश्वास होता. टीव्हीवर तो साकारणारा विल्यम डेव्हिस शूटिंगला तंबाखू नसलेल्या वनस्पतीच्या सिगारेटी ओढायचा असं वाचल्यापासून मला त्याची भीती थोडी कमी झाली होती, पण कॉमिकच्या दहाव्या अंकात, जो पूर्ण त्याच्यावर आहे आणि वेगळ्या हाताने रंगवल्यासारखा काढलाय, ती परत आली. तो अंक माझ्या खंडात नाही, दादाने टॅबवर दाखवला. सगळी मालिका घ्यायची नसेल तरी तो एक अंक जरूर बघा.

सहावा-सातवा अंकही दादाकडेच वाचला, 'होस्ट्स'. यात गटारातला फ्लूकमॅन परत येतो. ज्यांनी १९९४ चा मूळ एपिसोड बघितलाय त्यांना सांगायला नको, चेर्नोबिलचा किरणोत्सारी कचरा वाहणाऱ्या रशियन जहाजातून आलेला अर्धा माणूस अर्धा जंत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, परोपजीवी जंत मायक्रोस्कोपखाली बघणं माझं रोजचं आहे, आणि तरी त्या तोंडाची, त्या गोल चार काट्यांच्या तोंडाची मला जी किळस आहे ती गेली नाही. तिथे कटकारस्थान बाजूला पडतं आणि कॉमिक एकदम जागं होतं. म्हणून वाटतं हॅरिसला जमत नाही असं नाही, मोठी गोष्ट सांगण्याच्या नादात छोटी गोष्ट मागे पडते.

आता क्लासिक्स. पहिल्या अंकाची तारीख जानेवारी १९९५, म्हणजे मालिका जेमतेम दुसऱ्या सीझनमध्ये होती, कोणालाच माहीत नव्हतं पुढे काय होणार. त्यामुळे पेट्रुचाला मोठ्या गोष्टीला हात लावायची मुभाच नव्हती आणि तेच या अंकांचं भाग्य ठरलं. तो स्वतःच्या केसेस शोधतो. पहिलाच अंक फातिमाच्या तिसऱ्या रहस्यावर. पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १९१७ मध्ये तीन धनगर मुलांना येशूची आई मेरी दिसली म्हणतात, तिने तीन गुपितं सांगितली, दोन जाहीर झाली आणि तिसरं व्हॅटिकनमध्ये बंद लिफाफ्यात होतं. व्हॅटिकनने ते २००० मध्ये उघड केलं. म्हणजे हा अंक निघाला तेव्हा व्हॅटिकनमधल्या मोजक्या लोकांबाहेर जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं आत काय आहे, आणि मल्डरसारख्या माणसासाठी यापेक्षा मोठी बंद फाइल कुठली? आज वाचताना तो धागा आपल्याला मुद्दाम आठवावा लागतो, पण आठवला की अंगावर येतो. त्यातही बघा, फातिमा गावात लोकांना सूर्य नाचताना दिसला म्हणतात तो दिवस १३ ऑक्टोबर, आणि क्रिस कार्टरचा वाढदिवस १३ ऑक्टोबर, त्याच्या कंपनीचं नावच 'टेन थर्टीन', म्हणजे १०/१३, मल्डरचा वाढदिवसही तोच. हे मी दादाला फोन करून सांगितलं रात्री साडेबाराला.

अ‍ॅडलार्ड म्हणजे तोच चित्रकार ज्याने पुढे 'द वॉकिंग डेड' सातव्या अंकापासून शेवटापर्यंत काढलं. इथे तो तरुण आहे, आणि चेहरे खरंच जुळत नाहीत, एका पानावरची स्कली दुसऱ्या पानावर वेगळीच बाई वाटते, मल्डर तर काही चौकटींत केसांवरून ओळखायचा. पण शाई! काळी शाई तो अशी टाकतो की पानाचा अर्धा भाग नुसता काळा आणि त्या काळ्यात काहीतरी आहे असं वाटत राहतं, तुम्ही पान उजेडाकडे तिरपं करून बघता, काही नसतं, आणि तरीही खात्री होत नाही. पूर्ण प्राणी दाखवायची घाई नाही. एक हात, एक सावली, स्कलीच्या चेहऱ्यावरचा बदल, आणि उरलेलं पुढच्या पानावर. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार उघडायला हात पुढे होतो आणि पान उलटायचं तुम्हाला. टीव्हीवर दार दिग्दर्शक उघडतो, इथे ते माझ्या हातात आहे. मी एका ठिकाणी खरंच थांबले, पुस्तक पालथं ठेवलं, पाणी प्यायले. रामबागेत लाइट जायचे तेव्हा जसं व्हायचं तसंच झालं, दारामागे काय ते माहीत नाही आणि मधल्या वेळात डोकं आपलं आपण भरत राहतं. सीझन १० ने हे एकदाही केलं नाही.

कव्हरं मिरान किमची आहेत, तैलचित्रासारखी रंगवलेली, आणि त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं इतकी ती चांगली आहेत. मल्डर-स्कलीचे चेहरे कव्हरवर नीट ओळखू येतात पण आजारी माणसाला ताप चढलाय आणि त्याला दिसताहेत तसे. आतल्या अ‍ॅडलार्डच्या चेहऱ्यांची उणीव ती थोडी भरून काढतात.

खोट आहे इथेही. जुनी रंगपद्धत आहे, काही पानं चिखलासारखी होतात आणि कोण कुठे उभं आहे ते कळत नाही, आणि हे भीतीसाठी मुद्दाम केलेलं नाही, नुसतं अस्पष्ट आहे, फरक कळतो. पेट्रुचा एका अंकात तीन अंकांची कल्पना कोंबतो, शेवट धावत येतो. मजकुराची अक्षरं बारीक, माझ्या चष्म्यालाही बारीक. आणि स्कली जरा कोरडी आहे, नेहमी "याला वैज्ञानिक कारण असेल" एवढंच म्हणणारी, तिचा विनोद, तिची श्रद्धा, गळ्यातला क्रॉस, हे सगळं हॅरिसच्या हातात जास्त जिवंत आहे. माझ्यासारखीने जिला बघून लॅबमध्ये यायचं ठरवलं तिला हे टोचतं. मी एकटी नाही म्हणे, २०१८ मध्ये अमेरिकेत जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने 'स्कली इफेक्ट'वर अभ्यासच केला होता, तिला बघून विज्ञानाकडे वळलेल्या बायकांवर. तो वाचला तेव्हा मी लॅबमध्ये सगळ्यांना पाठवला.

हेही माहीत असू द्या की सीझन १० ची गोष्ट आता अधांतरी आहे. तिच्यानंतर सीझन ११ नावाने आठ अंक निघाले, पण जानेवारी २०१६ ला टीव्हीवर मालिका सहा एपिसोड घेऊन परत आली आणि तिने कॉमिकमधलं काही मानलं नाही, तोच दहावा सीझन ठरला. मग आयडीडब्ल्यूनेही २०१६ मध्ये परत पहिल्या अंकापासून नवीन मालिका काढली. म्हणून "नेमकं खरं काय घडलं" या हिशोबाने सीझन १० घेणार असाल तर घेऊ नका. मल्डर आणि स्कलीला अजून थोडा वेळ भेटायचंय, त्या दोघांचा आवाज ऐकायचाय, तर घ्या, तो आवाज खरा आहे.

मालिका बघितली नसेल आणि नुसती भुताखेतांची, तपासाची गोष्ट हवी असेल तर क्लासिक्सपासूनच सुरू करा, प्रत्येक केस बहुतेक तिथल्या तिथे संपते, कोणाला काही विचारावं लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या खाली मुलांना देऊ नका, रक्त आहे आणि काही चित्रं डोक्यातून जात नाहीत. आणि हा प्रकार आवडलाच तर त्याचा आजोबाही बघा, 'कोल्चाक: द नाइट स्टॉकर', १९७४-७५ ची अमेरिकन मालिका, फक्त २० एपिसोड, शिकागोचा एक बातमीदार भुतांमागे फिरतो. क्रिस कार्टरने ती बघूनच एक्स-फाइल्स सुचली असं सांगितलंय, आणि तिचा नायक डॅरेन मॅकगॅव्हिनला त्याने पुढे एक्स-फाइल्समध्ये म्हातारा एजंट म्हणून आणलंही. त्याचीही कॉमिक्स मूनस्टोन कंपनीने काढली होती, माझ्या हाती अजून लागलेली नाहीत.

क्लासिक्सचा दुसरा खंड खजुरी बाजारातल्या काकांना सांगून ठेवलाय. पहिला सध्या भाचीकडे आहे, दिवसा वाचते म्हणाली, आणि काल रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, "आत्या, दाराच्या पानापर्यंत आलेय, उलटू का?"